कोऱ्या कोपऱ्यांचं दुखणं

काल एका लग्नाची पत्रिका आली, तिच्या कोपऱ्यांवरच्या हळदीचा वास नाकात शिरला आणि माझी ती वीस कार्डं आठवून पुन्हा डोकं फिरलं. हर्सूलच्या तलावावर सलग चार रविवार बसून मी जलरंगात चित्रं काढली होती आणि ती जाड कागदावर चिकटवून नव्या वर्षाची शुभेच्छाकार्डं केली होती. माझी चित्रं ऑफिसातल्या लोकांपुढं पहिल्यांदाच जाणार होती. कार्डं वाळत ठेवून मी आंघोळीला गेले, आणि तेवढ्यात लासूर स्टेशनहून आलेल्या आत्यानं एकूण एक कार्डाच्या चारही कोपऱ्यांना हळदीकुंकवाचं बोट लावलं. "आत्या, हे काय केलंस!" मी किंचाळलेच. "अगं, शुभाचं कार्ड कोरं देत्यात व्हय? लई वाईट दिसतं," ती शांतपणे म्हणाली. एक कार्ड ओल्या फडक्यानं पुसायला गेले तर कुंकू थेट तलावात उतरलं. दुसरी करायला वेळ नव्हता, म्हणून उरलेली तशीच वाटली. साहेबांनी फक्त कोपरा पाहिला आणि म्हणाले, "मुबारक हो! तारीख कधीची?" मग दिवसभर तेच, कुणी हॉल कोणता विचारलं, कुणी मुलगा काय करतो. तलाव एकानंही पाहिला नाही. संध्याकाळी घरी आले तर आत्या विचारते, "आवडली का गं कार्डं?" मागच्या महिन्यात पुन्हा एक कार्ड केलं. चित्र झकास जमलं, पण कोपरे उघडेबोडके वाटत राहिले, आणि आता मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.