वॉरंटी आणि अर्धं कापलेलं झाड

अब्राहामकाकांच्या झाड कापायच्या मशीनची वॉरंटी मी एका फोनवर घालवली, आणि तीही त्यांची तारीफ करून.

आमच्या गावात रेंज फक्त चर्चमागच्या उंचवट्यावर येते. तिथे उभा राहून मी कंपनीतल्या बाईंशी बोलत होतो. मशीन घेऊन पाच महिने झालेले, वॉरंटी वर्षाची, त्यामुळे माझा आवाज जरा चढलेलाच होता. बाईंनी सहज विचारलं, मशीन कशासाठी वापरता? मला वाटलं, माणसाची चौकशी करतायत. म्हटलं, "मॅडम, विसरवाडीपासून गुजरातच्या हद्दीपर्यंत कुणाच्या घरावर झाड कललं की लोक अब्राहामकाकांनाच बोलावतात. रोजचं काम आहे त्यांचं."

बाईंनी पलीकडे काहीतरी टाइप केलं. मग म्हणाल्या, रोजचं म्हणजे धंद्यासाठी. वर्षाची वॉरंटी घरगुती वापराला असते, धंद्याला तीन महिने. तशी नोंद केली आहे. आणि घरगुती असतं तरी मशीन बंद डब्यात पाठवून पंधरा दिवस लागलेच असते. आणखी काही मदत हवी आहे का?

मदत हवी होती, पण ती या बाईंच्या हातातली नव्हती. खाली सोमीबाईच्या घरामागे एक अर्धं कापलेलं झाड उभं होतं.

झाड सिरसाचं, वाळलेलं, बुंध्याला वाळवी लागलेली. कापायची परवानगी काढलेली होती. काकांनी शेताच्या बाजूनं खाच घेतली, मग मागून मशीन लावलं, आणि खोड अर्ध्यावर आलं असताना मशीन बंद पडलं. सुरू करायची दोरी ओढून ओढून काकांचा खांदा भरून आला. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि झाड मागे बसलं. मागे म्हणजे घराकडे. मशीनची कापायची पट्टी चिरेत दाबली गेली. काकांनी चिरेत पाचरी ठोकल्या, झाडाला दोर बांधून तो शेतातल्या महूच्या झाडाला आवळला, मशीनचे नट सोडले आणि पट्टी झाडातच ठेवून नुसतं इंजिन काढून घेतलं.

उरलेलं कुऱ्हाडीनं तोडा की, असं मी म्हणून पाहिलं. घावानं झाड हादरतं, काका म्हणाले, आणि पोखरलेलं झाड हादरलं की कुठे जाईल ते त्यालाही माहीत नसतं. गावात दुसरं मशीन फक्त धर्मेंद्रकडे, आणि तो कामाला गुजरातेत.

सोमीबाई घरात एकटीच असते. ते कौलारू घर तिनं ऊसतोडीला जाऊन जाऊन उभं केलेलं. तिला कोंबड्यांसकट पलीकडच्या योहानच्या अंगणात नेऊन बसवलं होतं. तिथून ती घराकडे बघत बसली. मे महिना होता. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी वारा उठत होता.

काका लहानपणापासून झाडं पाडतात. आधी कुऱ्हाडीनं, मग भावाबरोबर दोघांच्या करवतीनं. झाडाला हात लावायच्या आधी ते घरातल्या चुलीवरचं भांडंसुद्धा बाहेर काढायला लावतात. सुरू केलेलं झाड उभं ठेवून ते कधी जेवायला बसलेले नाहीत. त्या दुपारी जेवण झाकूनच राहिलं.

मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा विसरवाडीच्या मेकॅनिक हबीबभाईंनी एक जुनं जोडून द्यायची तयारी दाखवली होती. वॉरंटी काय, मी विचारलं, तर हसून म्हणाले, "मी आठेच शे, कोठे जासू?" म्हणजे मी इथेच आहे, जाणार कुठे. मी बारावीपर्यंत नवापूरला शिकलेला माणूस, काका मला त्यावरून मास्तर म्हणतात. असल्या तोंडी वॉरंटीवर माझा विश्वास बसेना. काकांना घेऊन मोठ्या दुकानात गेलो आणि नवंकोरं मशीन घ्यायला लावलं, कार्डासकट. काकांनी दुकानदाराला विचारलं, बिघडलं तर करणार कोण, तुम्ही की कंपनी? दुकानदारानं बोट वर केलं. वर पंखा फिरत होता. ते उत्तर काकांना आवडलं नव्हतं. मीच त्यांना बजावलं, की आता या मशीनचं काहीएक उघडायचं नाही, उघडलं की वॉरंटी गेली.

उंचवट्यावरून खाली आलो. काकांनी नुसती मान वर करून विचारलं. पंधरा दिवस म्हणतायत, मी म्हणालो. वॉरंटी गेल्याचं सांगितलं नाही. काकांनी झाडाकडे पाहिलं, मग पश्चिमेला, आणि म्हणाले, "चल विसरवाडीला."

हबीबभाईंच्या दुकानात पोचलो तरी मशीन काकांच्या मांडीवरच. हबीबभाई पाना घेऊन थांबलेले. काकांनी मला विचारलं, हे आता उघडलं की वॉरंटी संपली ना? मी मान हलवली, कुणीकडे ते माझं मलाच कळलं नाही. काका बराच वेळ मशीनवरून हात फिरवत बसले. काकांची दोन हंगामांच्या ऊसतोडीची कमाई होती त्या मशीनमध्ये. शेवटी त्यांनी ते हबीबभाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"उघडा. झाडाला पंधरा दिवस थांब म्हणून सांगता येत नाही."

तो चेहरा मला बघवेना. ज्या गोष्टीवर ते पाणी सोडत होते, ती मी दुपारीच घालवून बसलो होतो. मग सांगून टाकलं. हबीबभाई हसत हसत स्टुलावर बसले. म्हणाले, वॉरंटी मिळावी म्हणून खोटं बोलणारे रोज भेटतात, खरं बोलून घालवणारा आजच पाहिला. काकांनी मात्र शांतपणे विचारलं, नक्की काय बोललास? मी शब्दन्‌शब्द सांगितला.

"विसरवाडीपासून गुजरातपर्यंत?"

"हो, काका."

"अक्कलकुव्यालाही गेलो होतो मी एकदा," ते म्हणाले. "ते नाही सांगितलंस."

हबीबभाईंनी झाकण काढलं. आत लाकडाचा भुसा गच्च बसला होता, हवेला वाटच नव्हती. तापून तापून कॉइल गेलेली. हे कधी साफ करत नाही का, त्यांनी विचारलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. हबीबभाईंनीही पाहिलं. दुकानात चहा घेऊन आलेला माणूससुद्धा माझ्याकडे बघायला लागला. झाकण काढून भुसा पुसायला कंपनीची काही हरकत नसते, हे मला त्या दिवशी कळलं.

एका मेलेल्या मशीनची कॉइल त्यांनी काढून बसवली. ठिणगी पडली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं.

गावात पोचेपर्यंत वारा सुटला होता. दोर ताणून तारेसारखा झालेला. योहाननं माणसं गोळा करून ठेवली होती, मीही दोराला लागलो. काकांनी झाडातल्या पट्टीला इंजिन जोडलं आणि दोरी ओढली. नुसती फुरफुर झाली. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. वरच्या फांद्या घराकडे झुकल्या तसं योहान म्हणाला, सोडून बाजूला या. काका हलले नाहीत. मग मशीन पेटलं. एकानं पाचर ठोकली, आम्ही दोर ओढला, चीर उघडली, आणि लाकूड आतून करकरायला लागलं. काका दोन पावलं मागे सरले. झाड शेतात पडलं.

पडताना मागची एक वाळकी फांदी मात्र तुटून कोपऱ्यातल्या कौलांवर आदळली. सोमीबाई आली. आधी तिनं घर पाहिलं, सगळ्या बाजूंनी, मग वर बघून फुटकी कौलं मोजली. चार. काका मशीन पुसत होते. त्यांनी मान न उचलता सांगितलं, "मास्तर, कौलं तुझ्याकडे."

आता लोक मला विचारतात, मशीन घेताना वॉरंटी बघायची का. बघा, मी म्हणतो, पण उघडणारा माणूस किती लांब बसतो तेही बघा. काका दर शनिवारी झाकण काढून भुसा झटकतात, मी समोर असलो तर मुद्दाम जोरात.

कौलं अजून आणलेली नाहीत. त्या साच्याची नवापूरला मिळत नाहीत, जुनं घर कुणी उतरवलं तरच मिळतील. भोकावर सध्या प्लास्टिक आहे, वर दगड. आभाळ भरून आलं की सोमीबाई दारात येऊन उभी राहते. वर बघत नाही, आमच्या घराकडे बघते.