पंचनाम्यात घसरलेली पेटी

नालवाडीत मयुरीला लोक दोन कामांसाठी ओळखतात. आठवडाभर ती एका खासगी लॅबमध्ये रक्त काढते आणि सुट्टीच्या दिवशी ‘उलटतपासणी’ नावाच्या बॅण्डमध्ये गाते. लॅबमध्ये तिचा हात इतका हलका की सुई टोचलेली कळत नाही. गाण्यात मात्र टोचल्याशिवाय ती सोडत नाही.

बॅण्डमध्ये चौघं. गिटारवर अंकित, ड्रम आणि ढोलकीवर त्याचे दोन मित्र, आणि शब्द सगळे मयुरीचे. टँकरच्या पाण्यावर, रखडलेल्या नोकरभरतीवर, मतदानाआधी खडी टाकून नंतर विसरलेल्या रस्त्यावर तिनं गाणी लिहिली. कॉलेजच्या पोरांना ती पाठ होती. एक गाणं मात्र तिनं कुठंच म्हटलं नव्हतं. ज्याच्यावर ते लिहिलं तो माणूस समोर बसलेला असेल तेव्हाच ते म्हणायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

तो माणूस म्हणजे किसनराव.

मयुरी तेरा वर्षांची असताना तिचं घर हिंगणघाटजवळच्या पिंपळधऱ्यात होतं. वडील रामाजी एरवी किसनरावांच्या शेतात कामाला जायचे आणि भीमजयंतीला पेटी घेऊन गायला बसायचे. पेटीचे दोन सूर मुके होते. ते चुकवून रामाजी असे गात की नवख्याला पत्ताही लागत नसे. त्या वर्षी मिरवणूक पहिल्यांदाच मोठ्या रस्त्यानं, सरपंच किसनरावांच्या दारावरून निघाली. ओट्यावरून किसनराव म्हणाले, “आवाज बंद करा.” मिरवणुकीच्या गाडीवर बसून गाणारे रामाजी थांबले नाहीत. तेव्हा किसनरावांची चार माणसं गाडीवर चढली, त्यांनी पेटी उचलली आणि पंचायतीच्या विहिरीत टाकली. भर दुपारी, सगळ्या गावादेखत.

पंचनाम्यात लिहिलं गेलं, ‘वाद्य घसरून विहिरीत पडले.’ गावानं समेट घडवला आणि त्या पंचनाम्याखाली रामाजींनी सही केली. मयुरी शेजारी उभी होती. ‘घसरून’ हा शब्द तिच्या मनात रुतला तो रुतलाच. पुढच्याच वर्षी ते नालवाडीला आले, रामाजी एका वसतिगृहावर चौकीदार झाले. त्यानंतर ते कधी गायले नाहीत. मयुरी मोठी झाली, शिकली, नोकरीला लागली. पण विसरायचं तिनं मनावरच घेतलं नाही. राग जपायचा असतो हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

यंदा पिंपळधऱ्याच्या पोरांनी जयंतीला ‘उलटतपासणी’ला बोलावलं. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती आणि किसनरावांना तिकीट हवं होतं, त्यामुळे पाहुणे म्हणून ते स्वतःहून येणार होते. हे कळलं तेव्हा मयुरीनं वही काढली.

“नाव नको घेऊ त्याचं,” अंकित म्हणाला. “उद्या केस करन तो.”

“नाव कायले पायजे?” ती म्हणाली. “गावाले सारं माहीत आहे.”

संध्याकाळी पाचला कार्यक्रम सुरू झाला. किसनराव पहिल्या रांगेत, गळ्यात निळा दुपट्टा. दोन गाण्यांना त्यांनी ताल धरला. मग मयुरीनं ढोलकी थांबवली, त्यांच्याकडे पाहिलं आणि नुसत्या गिटारवर सुरू केलं,

“पेटीले पाय नव्हते, पेटीले पंख नव्हते,
विहिरीत पेटी गेली तेव्हा गावात आंधळे नव्हते.”

किसनरावांचा मांडीवरचा हात थांबला. दुसऱ्या कडव्यात पंचनामा आला, तिसऱ्यात सही. मयुरी एकेक शब्द सावकाश टाकत होती, घाई तिला नव्हतीच. धृपद पुन्हा आलं तेव्हा मागच्या बाजूला तानाबाई उभी राहिली. विहिरीसमोरच्या घरातली, किसनरावांच्याच भावकीतली म्हातारी.

“मी आंधळी नव्हती,” ती म्हणाली. “चौघांनी उचलली. मी दारातून पाह्यलं. इतके वर्सं बोलली नाई.”

किसनराव उठले. माणसं दाटीनं बसली होती, वाट फक्त स्टेजसमोरून होती. ते चालू लागले आणि मयुरीनं मागं वळून ढोलकीला खूण केली. त्यांच्या प्रत्येक पावलावर ढोलकी वाजली. पोरं हसली. हे हसणं ऐकायला ती सोळा-सतरा वर्षं थांबली होती. ते तिनं पोटभर ऐकलं.

आठवडाभरात तो व्हिडिओ तालुकाभर फिरला. रविवारी सकाळी किसनराव नालवाडीत आले, सोबत नवी कोरी पेटी. रामाजी सवयीनं उठले, त्यांनी खुर्ची पुढं केली. ते पाहून मयुरीच्या डोक्यात सणक गेली.

“जुनी गोष्ट आहे, रामाजी,” किसनराव म्हणाले. “चूक झाली असन. हे पेटी ठेवा. अन् पोरीले सांगा, तेवढं गाणं काढून टाक म्हणा.”

“झाली असन का झाली?” मयुरीनं विचारलं.

किसनरावांनी पेटी रामाजींच्या पुढं सरकवली.

“झाली म्हणायचं असन तर गावच्या चौकात या, माइकवर म्हणा,” ती म्हणाली. “गाणं बंद करायचं का नाई, ते मी मंग ठरवीन.”

“तुमीच समजवा तिले,” किसनराव रामाजींना म्हणाले.

रामाजींनी पेटी परत किसनरावांकडे सरकवली. मग म्हणाले, “मी एकदा सही केली, किसनराव. आता पोरीच्या वतीनं नाई करत. पेटी घेऊन जा.”

किसनराव गेल्यावर रामाजींनी विचारलं, “आता तरी मन भरलं का तुयं?”

“नाई,” मयुरी म्हणाली. त्याच दुपारी तिनं गाण्याला नवं कडवं जोडलं. पाहुणा दारी पेटी घेऊन आला, माफी मात्र घरीच विसरला, असं.

किसनरावांना तिकीट मिळालं नाही. ते मिळालं त्यांच्या पुतण्याला, आणि तो निवडूनही आला. निकालाच्या दिवशी मयुरीनं लॅबमध्ये मुकाट्यानं काम केलं. अंकितनं फोनवर विचारलं, “मंग काय उपयोग झाला?”

“काका घरी बसला ना,” ती म्हणाली. “पुतण्याचं पाहू.”

पुढच्या महिन्यात हिंगणघाटात कार्यक्रम ठरला. पुतण्याचा माणूस आधीच येऊन कोणकोणती गाणी म्हणणार याची यादी मागून गेला. मयुरीनं ती स्वतःच्या हातानं, नीट अक्षरात लिहून दिली. पहिल्या नंबरावर पेटीचं गाणं होतं.