एका शुक्रवारच्या दोन सह्या

अनुसयाबाईंना पकडलं तेव्हा त्या आपल्या दुकानात आलुबोंडे तळत होत्या. शुक्रवार होता, आमच्या गावचा बाजाराचा दिवस. साल १९७७. पोलिसांच्या जीपमधून एका शिपायाने बेसनाचा डबा आणला आणि दुकानात ठेवला. मग जमादार प्रभाकररावांनी त्याच डब्यात हात घालून मोहाच्या दारूने भरलेली रबरी ट्यूब बाहेर काढली. बाजारातल्या पन्नास माणसांनी हे पाहिलं. जिल्ह्यात दारूबंदी होती. बाईंना भरबाजारातून जीपपर्यंत चालवत नेलं. हाताला बेसन तसंच होतं.

कोकिळा ही त्यांची मुलगी, माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचं लग्न पुलगावला ठरलं होतं. सोमवारी वरपक्षाचा निरोप आला. दारूवालीची मुलगी नको.

डबा ठेवण्याचं कारण साधं होतं. आठ दिवसांपूर्वी जमादारांना एका झडतीसाठी बाईमाणूस पंच हवी होती. त्यांनी अनुसयाबाईंसमोर कोरा कागद ठेवला. बाई म्हणाल्या, आधी लिहा, मग सही करते. जमादार चहा पिऊन निघून गेले.

पण बाईंचा राग जमादारांवर तेवढा नव्हता. तो रूपराववर होता.

रूपराव त्यांचा चुलत दीर. बाईंचा नवरा गेला तेव्हा तेरवीच्या पंगतीत यानेच वाढलं होतं. कामधंदा काही नाही. ठाण्यासमोरच्या कडुलिंबाखाली बसायचा. पोलिसांना पंच लागला की रूपराव. धाड कुठेही पडो, पंचनाम्याखाली रूपरावची सही असायची. लोक त्याला पंचसाहेब म्हणत. तोंडावर आदराने, मागून हसून. सहीपुरतं त्याला लिहिता येत होतं, वाचता अजिबात नाही. दर सोमवारी तो दहा-बारा कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवायचा. ठाण्यातला ज्याला लागेल तो, लागेल तेव्हा, त्यावर मजकूर भरायचा.

त्या शुक्रवारी जीप ठाण्यात पोचली तेव्हा रूपराव बाकावर बसलेला होता. बाईंनी त्याला पाहिलं. त्याने मान फिरवली. दुकानात तो आलाच नव्हता, पण दारू त्याच्यासमोर सापडली असं कागद म्हणत होता.

“परक्यानं केलं असतं त सोडून देल्लं असतं,” बाई मला म्हणाल्या. “यानं माह्या घरचं खाल्लं.”

मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसले होते. मराठी साहित्य घेतलं होतं. बाईंना अक्षरओळख होती, पण पोलिसांचं हस्ताक्षर लागायचं नाही. म्हणून त्या मला वर्ध्याच्या कोर्टात घेऊन गेल्या.

दारूच्या खटल्यात आरोपी पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करायचे, दंड भरायचे आणि दोनची एस.टी. पकडायचे. त्याआधी पोलिसांनी त्यांना कागदांचा संच द्यायचा असतो. फिर्याद, पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, दोषारोपपत्र. संच मिळाला की ‘सर्व नकला मिळाल्या’ या ओळीखाली सही करायची. लोक सही आधी करायचे, संच नंतर घ्यायचे. वाचायचा कोणीच नाही. कोर्टाबाहेरच्या ठेल्यावर त्यातच भजी बांधून घेतलेली मी पाहिली आहेत.

बाईंनी संच हातात घेतला आणि उभ्या उभ्या पानं मोजली. यादीत चौदा होती, हातात अकरा.

“काऊन बाई, परीक्षेले बसाचं हाय का?” जमादार म्हणाले. आजूबाजूचे हसले.

बाईंनी सही केली नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी जमादारांकडे पाहिलं आणि पुढची तारीख दिली.

पुढच्या तारखेला चौदा पानं आली. पण पंचनामा कार्बनची चौथी प्रत होती. निळसर धूर नुसता. बाई म्हणाल्या, वाचता येत नाही. साहेबांनी विचारलं, तुम्हाला वाचता येतं का? बाईंनी मला दंडाला धरून पुढे केलं.

“मले नाई येत साहेब. हिले येते. बी.ए. झाली हाय.”

मी पाहिलं आणि खरं ते सांगितलं. धाडीची वेळ वाचता येत नव्हती, ठिकाणही नाही. साहेबांनी जमादारांना स्वच्छ अक्षरात नक्कल करून आणायला सांगितलं. प्रभाकररावांनी ती स्वतः बसून लिहिली. तिसऱ्या तारखेला दिली. बाईंनी पुन्हा मोजली, मग सही केली.

दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्यांना पंचनामा वाचून दाखवायची. वेळ, सकाळी अकरा ते बारा. पंचांनी ट्यूबचा वास घेतला, तो मोहाच्या दारूचा होता.

“वास घेतला म्हने,” बाई म्हणाल्या. “ठाण्यातून.”

त्यांनी मला तो इतक्या वेळा वाचायला लावला की त्यांना तो पाठ झाला. पीठ मळताना त्या तो पुटपुटायच्या. आधी मला हसू यायचं. पुढे पुढे येईनासं झालं.

अण्णाजी वकिलांनी त्यांना कबूल करून मोकळं व्हायला सांगितलं. रूपराव ठाण्यात बसला होता हे सांगणार कोण? पन्नासांपैकी एकही तयार नव्हता. बाई म्हणाल्या, माणूस सांगत नाही तर कागद सांगेल.

तिथून त्यांनी सुरू केलं ते मला कधी सुचलं नसतं. दर रविवारी त्या एस.टी.ने एकेका गावाला जायच्या. मी सोबत. दारूच्या खटल्यात सापडलेल्या माणसांना शोधायचं आणि पोलिसांनी दिलेला संच मागायचा. त्याच शुक्रवारचा, रूपरावच्या सहीचा कोणाकडे आहे का, ते बघायचं. लोक हसून देऊन टाकायचे. तानबा नावाच्या म्हाताऱ्याने तो भिंतीच्या भोकात कोंबला होता, त्याने तो काढून दिला आणि भोकाला लावायला दुसरा कागद मागितला. बावीस संच झाले. सगळ्यांवर रूपरावची सही, पण तारखा वेगळ्या.

दोन वर्षं गेली. दोनदा साहेब बदलले, खटला रेंगाळला. कोकिळासाठी आणखी एक स्थळ आलं. पाहुणे बसले होते तेव्हा बाई कुठल्याशा गावाला संच आणायला गेल्या होत्या. पाहुणे उठून गेले. कोकिळा संध्याकाळी आईला माझ्यासमोर म्हणाली, “माहं लगन एकदा मोडलं होतं आई. तू रोज मोडून राह्यली.”

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा एस.टी.त होतो.

तेविसावा संच जयवंताकडे मिळाला. आमच्या गावापासून दहा कोसांवर, नाल्याकाठी भट्टी लावणारा माणूस. दिलखुलास. त्याने कागद छपराच्या कवेलूखालून काढला. मी तारीख वाचली. तोच शुक्रवार. वेळ, सकाळी सव्वाअकरा ते सव्वाबारा. ठिकाण, जयवंताची भट्टी. पंच, रूपराव.

एक कागद जमादारांनी भरला होता, दुसरा एका शिपायाने. दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. विचारायची गरज कधी पडलीच नव्हती, कारण हे दोन कागद कधी कोणी शेजारी ठेवणार नव्हतं.

जयवंता म्हणाला, “माही दारू खरी होती मावशी. पंच खोटा होता.” त्याने कधीच गुन्हा कबूल करून दंड भरला होता. साक्षीला येऊ का, म्हणून विचारत होता. मजा येईल म्हणाला.

परतीच्या एस.टी.त बाईंच्या मांडीवर कागद उघडा होता आणि अंगठा रूपरावच्या सहीवर दाबलेला. मला वाटलं, रडत असतील. मी वाकून पाहिलं. त्या हसत होत्या. मी त्यांच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

१९८० च्या मार्चमध्ये रूपराव साक्षीला उभा राहिला आणि दारू आपल्यासमोर सापडली असं शपथेवर म्हणाला. अण्णाजींनी कोर्टाच्या शिक्क्याच्या दोन्ही नकला पुढे केल्या. ही सही तुमची? हो. आणि ही? हो. मग त्या शुक्रवारी साडेअकराला तुम्ही कुठे होता, अनुसयाबाईंच्या दुकानात की जयवंताच्या भट्टीवर?

रूपरावने जमादारांकडे पाहिलं. जमादार छताकडे पाहत होते.

“मी त ठाण्यातच होतो साहेब,” रूपराव म्हणाला. खरं बोलला की सुटतो, असं त्याला वाटलं असावं.

बाई निर्दोष सुटल्या. प्रभाकररावांची जिल्ह्याबाहेर बदली झाली. रूपरावला कडुलिंबाखालून उठवलं. मी पेढे आणले. बाईंनी पुडा बाजूला ठेवला.

“हे झालं माहं,” त्या म्हणाल्या. “आता त्याचं लिव.”

त्यांना रूपराववर खोट्या साक्षीचा खटला हवा होता. मी अर्ज लिहिला. अण्णाजींनी तो कायद्यात बसवला. त्यात बाईंचा जबाब होता, बाजारातून चालवत नेल्याचा, कोकिळाचं लग्न मोडल्याचा. अर्ज मंजूर व्हायला वर्ष लागलं. मग रूपराव आरोपी झाला. त्याला समन्स गेलं. त्या तारखेला बाई कोर्टात जाऊन बसल्या, बोलावणं नसताना. रूपरावच्या हातात संच दिला गेला. त्याने सवयीने सही केली आणि मग कागदांकडे बघत राहिला.

दोन दिवसांनी त्याची बायको मीराबाई माझ्या घरी आली. कागद कोणी वाचून देत नव्हतं. ठाण्यात हाकलून दिलं. गावातले हसले. यांच्यावर काय लिहिलंय ते तरी कळू दे, म्हणाली. मी हो म्हणाले आणि बाईंना सांगितलं. सांगायला नको होतं.

“शुक्रवारी बोलाव,” बाई म्हणाल्या. “दुकानात.”

मी म्हटलं, घरी वाचते. बाई म्हणाल्या, मग मी कोकिळाला सांगते की तू त्याच्याकडून आहेस.

रूपराव बाजाराच्या दिवशी आला. मीराबाई मागे उभी. बाकं गिऱ्हाइकांनी भरलेली. बाईंनी त्याला मधल्या बाकावर बसायला जागा करून दिली, चहा दिला. कोकिळा आत निघून गेली. मी वाचायला लागले. हळू आवाजात वाचत होते.

“मोठ्यानं वाच,” बाई म्हणाल्या. “त्याले कमी आयकू येते.”

त्याला चांगलं ऐकू येत होतं.

मी मोठ्याने वाचलं. लोक घास हातात धरून ऐकत होते. पुलगावच्या निरोपापाशी मी आले तेव्हा रूपरावने कप खाली ठेवला. म्हाताराच दिसत होता एकदम.

“वहिनी,” तो म्हणाला, “आता बस करा. पाया पडतो.”

तो खरंच वाकला. बाईंनी पाय मागे घेतले.

मी थांबले. मला वाटलं, आता संपलं. मी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिथे तसं काहीच नव्हतं. त्या झाऱ्याने बोंडे उलटत होत्या.

“किती रायले?” त्यांनी मला विचारलं.

“चार पानं.”

“मंग वाच ना.”

मी पुढचं पान घेतलं.