दोन वेढे जायफळ

दीड वर्षाच्या नातीच्या खिरीत मी अर्धं जायफळ किसून घातलं.

कारण साधं होतं. मला सर्दी झाली होती. बुलढाण्याची थंडी माझ्या नाकात दिवाळीपासून मुक्कामाला असते. पातेल्यावर वाकून मी वास घेई, वास येईना. मग आणखी थोडं किसायचो. अखेर हलकासा वास आला तेव्हा हातातलं जायफळ निम्मं उरलं होतं.

बायको आणि लेक पिंपळगाव राजाला साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गेल्या होत्या. नातीला घाटात बस लागते, म्हणून ती माझ्याकडे. "आजोबा आहेत ना!" असं मीच छाती पुढे काढून म्हणालो होतो. लेक दारातून दोनदा मागे फिरली. बायकोनं तांदूळ धुऊन, वाळवून ठेवले होते आणि सांगितलं होतं, "तुपावर परता, मिक्सरमंदी कणी काढा, दुधात शिजवा. ढवळत राहा, नाही तं बुडाले लागते. अन् जायफळ जराकसंच."

जराकसंच म्हणजे किती, हे विचारायला पुरुषाला लाज वाटते.

खीर मात्र झकास झाली. नातीनं चार-पाच चमचे खाल्ले, तेवढेच फ्रॉकला खाऊ घातले. उरलेली टाकवेना, म्हणून मी तीन वाट्या रिचवल्या. पोरगी मांडीवरच पेंगली. एरवी तिला झोपवायला अख्खं घर लागतं. मी खूश होऊन बायकोला फोन लावला.

"झोपली!"

"इतक्या लवकर?"

मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "जायफळ किती घालतात गं?"

"लेकराले? सहाणेवर दोन वेढे. जास्त झालं तं गुंगी येते. काऊन? किती घातलं?"

"दोन वेढे," मी म्हणालो. लग्नाला पस्तीस वर्षं झाली की खोटं आपोआप निघतं.

फोन ठेवला. नातीच्या नाकाखाली बोट धरलं. सर्दी मला होती, पण श्वास कळेना तिचा. आरसा धरला, धुकं आलं. आरसा पुसून पुन्हा धरला. तळव्याला गुदगुल्या केल्या, तिनं लाथ मारली. एवढा आनंद मला लाथेनं कधी झाला नव्हता. पण मिनिटभरातच वाटलं, लाथ जरा मंद तर नव्हती?

शेवटी लहान मुलांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांना मात्र अर्धं जायफळ खरं सांगितलं.

"लेकराच्या पोटात किती गेलं?"

"चार-पाच चमचे खीर."

"उठवून पाहा. तुम्हाले ओळखलं तं झोपू द्या, पण नजर हटवू नका. उठली नाही तं लगेच घेऊन या."

मी उठवलं. तिनं एक डोळा उघडला, माझी मिशी ओढली, "आबा" म्हणाली आणि कूस बदलली. ओळख पटली होती. तरी मनातून जाईना. लेकीला काय तोंड दाखवू? दारातून दोनदा मागे फिरली होती ती. मी भिंतीला पाठ टेकून, डोळ्यांत तेल घालून बसलो. तिच्या अंगावरची गोधडी वर जाते, खाली येते. वर जाते. खाली येते. त्या तीन वाट्या कुणाच्या पोटात होत्या, याचा हिशेब तेवढा राहून गेला होता.

पुढचं मला आठवत नाही.

जाग आली ती थोपटण्यानं. बायको आणि लेक समोर उभ्या, बसमधल्या पिशव्या अजून हातात. पुढचं दार वाजवून वाजवून दमल्या, मग मागच्या दारानं आत आल्या होत्या. मी जमिनीवर आडवा. उशाशी नात, टक्क जागी. एका हातानं माझं टक्कल थोपटत होती, "ओ ओ" म्हणत, तिची आजी थोपटते अगदी तस्संच. स्वतःची गोधडी तिनं ओढून माझ्या गुडघ्यापर्यंत आणली होती.

लेकीनं आधी पोरीला उचललं, डोळे पाहिले, कपाळ पाहिलं, मग सुस्कारा सोडला. मी उठून बसायला गेलो तर घर थोडंसं फिरलं.

बायको ओट्याशी गेली. किसणी पाहिली, शेजारचं अर्धं जायफळ पाहिलं, रिकामं पातेलं पाहिलं. मग माझ्याकडे न बघताच लेकीला म्हणाली,

"पुढच्या टायमाले पोरीलेच सांगून जाऊ, बाई. म्हणू, आजोबाले सांभाळ, अन् त्यायले चुलीजवळ जाऊ देऊ नको."