थांबा मामा

थांबा मामांच्या शास्त्राभ्यासाला बसलेला माणूस म्हातारा होईल, पण अध्याय संपणार नाही. दर बुधवारी संध्याकाळी दौंडच्या रेल्वे कॉलनीतली पाच-सहा ख्रिस्ती घरं आमच्या पडवीत जमायची. मामा एक वचन वाचायचे. कुणी पुढचं वाचू लागलं की हात वर करायचे, "थांबा. ह्ये केलं का कुणी?" मी नवी लग्न होऊन आलेले, दिवसभर नळावरून पाणी वाहून कंबरडं मोडलेलं. वाटायचं, काय ही कटकट! आमेन म्हणा आणि मला भाकऱ्या टाकू द्या.

मामा स्टेशनात सांधेवाले होते. गाडी सोलापूरकडे जायची की मनमाडकडे, ते रूळ बदलणं त्यांच्याकडे. ड्यूटीवरून तसेच यायचे. कपड्यांना तेलाचा वास, डोळे तांबारलेले, आणि प्रार्थनेत हमखास डुलकी. माझे यजमान हळूच कोपर लावायचे. "झोपलो न्हाई, ऐकतुय," मामा म्हणायचे. वाचन एवढं हळू का, असं विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "सांधा घाईनं वढला की गाडी भलतीकडं जाती. मग डबं मागं घेताना जीव निघतो."

बायबलातल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायात मात्र कहर झाला. वेदीवर दान वाहताना आठवलं, की भावाचं मन आपल्याविषयी दुखावलंय, तर दान तिथंच ठेवून आधी भावाकडे जायचं, हे ते वचन. हिवाळा सरला, उन्हाळा लागला, आम्ही तिथंच. शेवटी मीच वैतागले. "मामा, सगळ्यांनी आपापली भांडणं मिटवली. मी तर जावेलासुद्धा पत्र टाकलं. आता कुणाचं राहिलंय?"

मामांनी चष्मा काढला. "माझं," म्हणाले.

मग सांगितलं. मामा मूळचे शिरूरचे. घरातून एकट्यानंच बाप्तिस्मा घेतला, तेव्हा विशीत होते. पुढं लवकरच वडील वारले आणि निरोप आला. येशू एका शिष्याला म्हणतो, बापाला पुरायला जाऊ नको, माझ्यामागे ये. ते वचन मामांनी नुकतंच वाचलं होतं. थोरला मुलगा असून ते गेले नाहीत. धाकट्या भावानं सगळं निस्तरलं, गावाची बोलणी खाल्ली आणि यांच्याशी बोलणं टाकलं. "आईबापाचा मान राख, ह्येबी त्याच पुस्तकात व्हतं," मामा म्हणाले. "पर मी एकच पान धरून बसलो. कुणाला इचारायची गरजबी वाटली न्हाई."

यजमानांनी पुस्तक मिटायला घेतलं. मामाच म्हणाले, "तुमी व्हा म्होरं. मी हितंच हाय."

आम्ही पुढं वाचत गेलो. मामा मात्र तेच पान उघडून बसायचे. सुट्टी मिळाली की एस.टी.नं शिरूरला जायचे. भावाच्या ओट्यावर बसायचे. भावजय चहा आणून द्यायची, भाऊ आतून बाहेर यायचा नाही. परतताना पाय ओढत यायचे. "काय म्हणाले?" मी विचारायचे.

"काय न्हाई. घरात हाय. खोकला ऐकू आला."

मला त्या भावाचा संताप यायचा. खरं सांगायचं तर देवाचाही थोडा यायचा. एकदा तसं बोललेही. मामा शांतपणे म्हणाले, "त्याचा राग खोटा न्हाई, सूनबाई. निवायला येळ लागतो."

वर्षं गेली. मामांना स्टेशनातल्या पुलाचा जिना चढवेना, तरी शिरूरची वारी सुटली नाही. मग एका मंगळवारी त्यांचा पुतण्या थेट स्टेशनात आला आणि त्यांना घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा एस.टी.तून उतरून सरळ आमच्याकडे आले. मी पाणी दिलं. "भाऊ गेला," म्हणाले.

मला राहवलं नाही. "शेवटी बोलले का हो?"

त्यांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "माझ्याशी न्हाई. पोराला सांगून ठेवलं व्हतं. दादाला बोलवा, पयला खांदा त्याचा."

तेवढ्यात मंडळी जमली. यजमानांनी पुस्तक मामांपुढं सरकवलं. "मामा, आज तुम्ही वाचा. पुढचं."

मामा बराच वेळ उजवा खांदा चोळत बसले. "तुमीच वाचा," म्हणाले, "नदीपातूर कुणाला बदलू दिलं न्हाई मी. लई दुखतुय."