काविळीची माळ

आमच्या धाकट्या दिराइतका हट्टी माणूस शिंदखेड्यापासून पार धुळ्यापर्यंत शोधला तरी सापडायचा नाही. कपाशीवर मारायचं औषध लोक ड्रममध्ये लाकडानं ढवळतात. हा कोपरापर्यंत हात घालायचा. मी ओरडायची, "अरे, मरशी ना!" तर म्हणे, "वहिनी, लाकूडले काय समजस? हातले समजस." त्याच हातानं तंबाखू मळायचा, आणि बाकीच्यांपुढं धरायचा. कुणी घेत नसे, तर रुसायचा. तोंडाला फडकं बांध म्हटलं की, "मी काय नवरी शे, तोंड झाकाले?" फवारून आला की गूळ खायचा, वरून ताक. झालं, म्हणे, पोट धुतलं गेलं. माझी जाऊ त्याचा सदरा अंगणात धुवायची, तिथं मग महिनाभर मुंगी फिरकायची नाही. त्याला त्याचंच कौतुक. गावभर सांगायचा, "मना घामवरीच कीड मरस."

एका साली बोंडअळी फार पडली. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, वारा तोंडावर, आणि हा उघड्या अंगानं पंप घेऊन आत शिरला. बांधावरच पडला. तोंडाला फेस, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. धुळ्याला नेला. वाचला. बोलता यायला लागलं तसं पहिलं काय बोलला? "आर्धं वावर राही गये."

डॉक्टरीण पोरगीच होती, पण मायाळू. म्हणाली, "आबा, श्वास सुधारला. पण रक्त तपासलं, त्यात सूज दाखवतेय. विषानं लिव्हर खराब झालंय. आकडे खाली येत नाहीत तोवर घरी सोडणार नाही."

हा उठून बसला. पाय पुढं केले, हात पुढं केले. "बठ्ठं अंग देख. सूज कोठे शे? रगतले सूज येस का कधी?" सगळा वॉर्ड हसला. तीपण हसली. "येते आबा. वरून दिसत नाही, म्हणून तर सुई टोचते."

मग त्याचे डोळे पिवळे झाले, आणि आमचं नशीब तिथं फिरलं. माणसं भेटायला यायची, डोळे बघायची, म्हणायची, ही तर कावीळ, दवाखान्यात काय ठेवता? आमच्याकडे काविळीला माळ घालतात. झाडाच्या काड्यांना दोऱ्याच्या सरकत्या गाठी मारून केलेली, एवढीशी, डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरते तशी माळ वाढते, आपसूक गळ्यात येते. जावेनं पिंपळनेरकडून ती आणवली. डॉक्टरिणीनं हात जोडले, "आबा, ही ती कावीळ नाही." यानं कागदावर अंगठा दिला आणि घरी आला.

घरी काय थाट! डोक्यावर माळ, ओट्यावर बैठक. रोज सकाळी मला हाक, "देख वहिनी, कानखाले उनी!" मग गळ्यात आली. मग छातीवर. जाऊ दर वेळी देवापुढं साखर ठेवायची. आलेल्या बायांना हात धरून दाखवायची. इकडं त्याची भाकरी सुटली, पोट फुगायला लागलं, अंगाला खाज. मी म्हणायची, धुळ्याला जाऊ. ती म्हणायची, "अक्का, माळ उतरतेय ना! मध्येच कशाला मोडता?"

बेंबीपर्यंत माळ आली तेव्हा त्याला माणूस ओळखेना, तसा पुन्हा गाडीत घातला. वाटेत जरा शुद्धीवर आला. जाऊ पुढं बसलेली. मला खुणेनं जवळ बोलावलं.

"तिले सांगू नको," म्हणाला. "माळ मीच वढस. रोज थोडी थोडी."

"का रे बाबा?"

"ती लई रडे. माळ लांब दिसनी का हसे."

धुळ्याला पोचलो तेव्हा रक्त परत तपासलं. डॉक्टरीण आकडे बघून त्याच्या उशाशी येऊन उभी राहिली. पहाटे गेला.

जाऊ पुढं कितीतरी वर्षं जगली. शेवटपर्यंत म्हणायची, "अक्का, माळेचा गुण येत होता हो. अजून थोडं घरी ठेवलं असतं तर!"

मी भाकरी थापता थापता म्हणायची, "हो गं बाई. बेंबीपर्यंत आली होती."