एवाल्ड टेपेचा उजवा सांधा

एवाल्ड टेपेने बत्तीस वर्षं शिसं भरलं. मोटारीच्या अंगावर दोन पत्रे जुळतात तिथे सांधा दिसतो. तो दिसू नये म्हणून. ओस्नाब्रुकच्या आमच्या कारखान्यात हे काम करणारे नऊ जण होते. मी त्यांच्यापासून तीन जागा पुढे दारं बसवायचो. तेव्हा एवाल्डबद्दल जे लिहितो ते डोळ्यांनी बघितलेलं आहे.

काम असं. सांधा घासून स्वच्छ करायचा, ज्योतीने तापवायचा. शिशाची कांडी लोण्याइतकी मऊ झाली की चरबी लावलेल्या लाकडी पट्टीने दाबून पसरायची. ज्योत जरा जवळ गेली की शिसं वितळून बुटावर पडतं. जरा लांब राहिली की पत्र्याला धरत नाही. नंतर कानस. शेवटी तळहात. एवाल्ड डोळे मिटून तळहात सांध्यावरून न्यायचा, मनगट न हलवता, कोपरापासून. कागदाच्या जाडीचा उंचवटा त्याला कळायचा. ही सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. बसची वाट बघताना तो शेजारी उभ्या गाडीच्या अंगावरून हात फिरवायचा. दोनदा गाडीवाल्यांनी हटकलं.

"एकाच्या गाडीला कुरवाळत होता," त्याची बायको हिल्ट्रूड सांगायची, "आणि वर त्यालाच म्हणाला, तुमचं मडगार्ड भिकार आहे."

अडुसष्ट ते पंचाहत्तर या वर्षांत आम्ही बीएमडब्ल्यूच्या मोठ्या कूपेचं अंग बनवत होतो. इंजिन म्युनिकचं, अंग आमचं. दोन दारं, चार माणसं, आणि बाजूला मधला खांबच नाही. चारही काचा खाली घेतल्या की पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत नुसती हवा. दाराला वरची चौकट नसल्यामुळे काच थेट रबराला टेकवावी लागे. मी मध्ये कागदाची पट्टी धरून दार लावायचो. पट्टी ओढली आणि सहज निघाली तर दार परत उतरवायचं. एका दाराला कधी वीस मिनिटं, कधी दीड तास. याच गाडीची हलकी केलेली बहीण शर्यतींत वर्षानुवर्षं युरोप जिंकत होती. ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण एवढी मोठी, एवढी महाग गाडी सांध्यासांध्याला हाताने भरून काढायची, हे तिच्यानंतर फार दिवस चाललं नाही. तिच्या जागी आलेली गाडी म्युनिकवाल्यांनी स्वतःकडेच बनवली. जेमतेम तीस हजार झाल्या आमच्या. बऱ्याचशा गंजून संपल्या.

त्यांतली एक मेश्टिल्ड ब्रोअरमानकडे होती. मेश्टिल्ड आमच्याच कारखान्यात गाद्या शिवायची. तिच्या नवऱ्याने, लोथारने, एकोणऐंशी साली एका दंतवैद्याकडून ती घेतली आणि मरेपर्यंत पुसत राहिला. आता मेश्टिल्ड लेकीकडे कीलला राहायला जाणार होती. तिथे गॅरेज नाही. गावातल्या जुन्या सूतगिरणीत एक छोटं संग्रहालय आहे; त्यांना गावात बनलेली एक कूपे हवी होती. अट एकच: अंग कारखान्यातून निघालं तसं पाहिजे, ठोकर खाऊन कापून जोडलेलं नको. नाहीतर शुक्रवारी बेल्जियमचा एक व्यापारी ट्रक घेऊन येणार होता. गाडी गेली की गेली.

संग्रहालयाच्या बाई, फ्राऊ लूबर्स, यांनी तपासायला एवाल्डला बोलावलं. मंगळवारी आम्ही तिघं मेश्टिल्डच्या गॅरेजमध्ये जमलो. मी दारांसाठी. दारं माझीच होती. कागद अजून अडकत होता.

एवाल्डने जाकीट काढलं, डोळे मिटले आणि पुढून सुरुवात केली. चाळीस मिनिटं हात सांध्यासांध्यावरून फिरत होता. उजव्या बाजूला, छप्पर जिथे मागच्या अंगाला मिळतं तिथे त्याचा हात थांबला. मागे गेला. पुन्हा थांबला.

"इथे लाट आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?" फ्राऊ लूबर्स यांनी विचारलं.

"म्हणजे हा सांधा नंतर कोणीतरी भरलाय. गाडीला मागून ठोकर बसलेली आहे."

मेश्टिल्ड उसळली. "लोथारने ही पावसातसुद्धा बाहेर काढली नाही! ठोकर कुठली?"

"लोथारच्या आधी सात वर्षं दंतवैद्याकडे होती ना? त्याने ठोकली असेल."

"असेल? एवाल्ड, असेल म्हणजे काय रे? तुला माहीत आहे का नाही?"

"मला एवढं माहीत आहे की असलं काम आमच्याकडून बाहेर जात नव्हतं."

फ्राऊ लूबर्स यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. मेश्टिल्डने गॅरेजचा दिवा आम्ही आत असतानाच बंद केला.

दुसऱ्या दिवशी हिल्ट्रूडने मला जेवायला बोलावलं. बकव्हीटच्या पिठाची धिरडी होती, आत डुकराच्या मांसाचे काप. एवाल्डने एकच खाल्लं. एरवी चार खातो.

"काल रात्रीपासून भिंतीवर हात फिरवतोय," हिल्ट्रूड मला म्हणाली. "आल्विन, याला काय झालंय ते तू विचार. मी विचारलं तर म्हणतो, धिरडं जाड आहे."

मी विचारलं, "मागच्या काचेची पट्टी उचलून बघितलीस का?"

मागच्या काचेभोवती चकचकीत पट्टी असते. तिच्याखाली सांध्याचं शेवटचं बोटभर टोक झाकलं जातं. ते कोणाला दिसत नाही, म्हणून तिथे बारीक कानस कोणी मारत नसे. जाड कानशीचे ओरखडे रंगाखाली तसेच राहत, आणि ते कोणाच्या हातचे ते ओळखू येई.

"हाताला कळलं," एवाल्ड म्हणाला, "मग बघायचं कशाला?"

"म्हणजे बघितलं नाहीस."

तो उठला आणि टोपी घेतली.

मेश्टिल्डने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. "आता काय, डावी बाजूपण वाकडी काढायची आहे?"

"पट्टी उचलायची आहे," मी म्हणालो. "ओरखडा पडणार नाही. मी उचलतो."

पाऊण तास लागला. रबर जुनं, ओढलं तर तुटणारं. कोमट पाणी आणि लाकडी चमचा, बाकी काही नाही. पट्टी वर आली तेव्हा एवाल्डने खिशातून चष्मा काढून लावला आणि वाकला.

मीही वाकलो. जाड कानशीचे ओरखडे होते, स्वच्छ, एका दमात मारलेले. उजव्या बाजूच्या सांध्यावर उजव्या हाताच्या माणसाचे ओरखडे पुढे कलतात. हे मागे कललेले होते. शिसं भरणाऱ्या नऊ जणांत डावखुरा एकच होता, आणि तो माझ्या शेजारी वाकलेला होता.

एवाल्ड बराच वेळ सरळ झाला नाही.

"गाडी बनली कधी?" त्याने खालूनच विचारलं.

मेश्टिल्डने कागद आणले. "अंग तयार, एप्रिल बाहत्तरचा शेवटचा आठवडा."

"एप्रिलच्या शेवटी माझं लग्न झालं," एवाल्ड म्हणाला.

मग मलाही आठवलं. आमच्याकडे लग्नाच्या आधी दोन दिवस लोक घरासमोर येऊन चिनी मातीची भांडी फोडतात आणि नवऱ्या मुलाने ती झाडायची असतात. एवाल्डच्या दारात आमच्या पाळीचे सगळे कामगार आले होते. कोणीतरी संडासाचं फुटकं भांडंही आणलं होतं. एवाल्डने घाईत तुकडे हाताने उचलले आणि डावा तळहात कापून घेतला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मुकादमाने बघितलं असतं तर घरी पाठवलं असतं, म्हणून हा हातमोज्याखाली पट्टी बांधून दिवसभर कामावर उभा राहिला. कानस धरता येत होती. उंचवटा कळत नव्हता.

"चार गाड्या केल्या त्या दिवशी," तो म्हणाला. "मला वाटलं, जमलं."

मेश्टिल्ड हसली नाही. "एवाल्ड, परवा ट्रक येतोय."

"ऐकतोय."

"मग तू उद्या जाऊन सांगणार आहेस का, का मीच किल्ली बेल्जियमला देऊ?"

त्याने चष्मा पुसला. "सांगायचं तर सगळ्यांसमोर सांगावं लागेल," तो म्हणाला. मेश्टिल्डने गाडीची किल्ली त्याच्यासमोर धरली. "सांगतो," तो म्हणाला.

गुरुवारी संग्रहालयाची मंडळी बसली होती: सहा जण, त्यांतले तीन आमच्याच कारखान्यातले म्हातारे. एवाल्ड बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "गाडीला ठोकर बसलेली नाही. सांधा कारखान्यातलाच आहे. माझा आहे. वाईट आहे." मी काढलेले पट्टीखालचे फोटो त्याने टेबलावर ठेवले, आणि कापलेल्या हाताची, त्या दिवसाच्या चार गाड्यांची गोष्टही सांगितली.

म्हाताऱ्यांपैकी एकाने फोटो हातात घेतला. "अरे, डाव्याचा आहे की! एवाल्ड, तू तर म्हणायचास की तुझ्या हातून एकही वाकडा गेला नाही?"

"आता गेला."

"बाकीचे तीन कुठे आहेत त्या दिवसाचे?"

"गंजले असतील, देवाच्या दयेने."

दाराशी उभी असलेली हिल्ट्रूड म्हणाली, "सत्तेचाळीस वर्षं माझ्या इस्त्रीला नावं ठेवली याने. लिहून घ्या कोणीतरी."

फ्राऊ लूबर्स यांनी खरंच लिहून घेतलं. गाडी ठेवायचं ठरलं. मग एवाल्डने हात वर केला. "मला दोन दिवस द्या. ज्योत आणि कांडी माझ्याकडे आहे. तो सांधा मी नीट करतो."

"हेर टेपे, तुम्ही हात लावलात की ती कारखान्यातून निघाली तशी राहणार नाही," त्या म्हणाल्या. "मग आम्हाला ती घेता येणार नाही."

"म्हणजे ते तसंच राहणार? लोक बघणार?"

"तसंच राहणार."

तो असा बसला की खुर्ची कुरकुरली.

शुक्रवारी ट्रक आला आणि रिकामा गेला. दुपारी आम्ही गाडी सूतगिरणीत ढकलली. आत इंजिन सुरू करायची परवानगी नाही. मी मागे, एवाल्ड उजव्या बाजूला, मेश्टिल्ड स्टिअरिंगवर. तिला शेवटचं चालवायचं होतं, ढकललेली का असेना.

"डावीकडे तोंड कर!" एवाल्ड ओरडला. डावीकडे तोंड केलं असतं तर उजवी बाजू भिंतीला लागली असती.

"मी कुठे तोंड करायचं ते तू नको सांगू."

"मेश्टिल्ड, दिव्याचा उजेड तिकडून चांगला येतो!"

"उजेडाची तुला कधीपासून काळजी? तू डोळे मिटून काम करतोस ना? ढकल!"

तिने स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं. एवाल्ड दाराला धरून उलट जोर लावत होता, मी मागून ढकलत होतो आणि माझे गुडघे बोलत होते. "एवाल्ड," मी म्हणालो, "गाडी चौदाशे किलोची आहे. दोघांनी एकाच दिशेला जोर लावू." त्याने शिवी दिली आणि मग जोर लावला.

गाडी वळली आणि थांबली. उजवी बाजू दाराकडे, खिडकीचा सगळा उजेड तिच्यावर. मेश्टिल्ड उतरली. मी बसवलेलं दार तिने एका बोटाने लावलं. एवाल्ड घाम पुसत सांध्याकडे बघत होता.

"डोळ्यांना दिसत नाही," तो म्हणाला.

"नाही दिसत," मी म्हणालो.

तेवढ्यात तिकीट देणारी बाई कुतूहलाने पुढे आली आणि तिने तिथे हात ठेवला. "काय आहे इथे?" तिने विचारलं.

एवाल्डने तिचं मनगट धरलं. "असं नाही," तो म्हणाला. "कोपरापासून."